तक्ता आणि मडकं: जुन्या भावांवरून क्रिप्टो घ्यावं का?



आजच्या विषयासाठी प्रश्न आधीच पाठवा, असं आवाहन आयोजकांनी केलं होतं. आलेले प्रश्न आम्ही वाचले. निम्म्याहून अधिक एकाच साच्याचे आहेत. एका कॉइनचं नाव, सोबत त्याच्या चार्टचा फोटो आणि खाली एक ओळ: 'घ्यावं का?' कुणी वर्षभराचा चार्ट पाठवलाय, कुणी पाच वर्षांचा. काहींनी त्यावर रेघा मारून 'इथून उसळी घेणार' असं लिहूनही पाठवलंय.

अमुक घ्या, तमुक विका असं आज आम्ही काही सांगणार नाही. आम्हाला तपासायची आहे ती या प्रश्नामागची पद्धत. जुने भाव पाहून कॉइन घेण्याजोगं आहे की नाही हे ठरवता येतं, असं आपण धरून चालतो. ते कितपत खरं आहे, एवढाच आजचा विषय.

आणि हे 'आम्ही' थोरामोठ्यांचं नाही हं. आमचं सात-आठ जणांचं अभ्यासमंडळ आहे. दर पंधरवड्याला बसतो, वाचतो, वाद घालतो. बोलतोय एक जण, पण मांडणी सगळ्यांची आहे. चूकही सगळ्यांची आहे, आणि ती आधी सांगितली पाहिजे.

११ मे २०२२, बुधवार. लूना नावाच्या कॉइनचा भाव कोसळत होता. महिन्याभरापूर्वी, एप्रिलच्या सुरुवातीला, तो ११९ डॉलरच्या आसपास होता. बुधवारी तो ५ डॉलरवर आला. आमच्यातल्या एकांनी मंडळाच्या ग्रुपवर चार्ट टाकला आणि विचारलं, 'शंभरातले शहाण्णव गेले. आता आणखी किती पडणार?' आम्ही सगळ्यांनी तो चार्ट पाहिला. एकानंही 'थांबा' म्हटलं नाही. दोघांनी तर 'हीच वेळ' असं लिहिलं. त्यांनी तीन लाख रुपये घातले. मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. सात-आठशे कॉइन आले. शुक्रवारी रात्री त्या सगळ्यांची मिळून किंमत कपभर चहाइतकीही उरली नव्हती.

या प्रसंगानंतर आम्ही हा विषय नीट वाचायला घेतला. आज जे सांगतोय ते त्या वाचनातून आलेलं आहे.

तक्ता वाचणारे

मुंबईत आकडा लावायची सुरुवात कशी झाली, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि मिटते भाव तारेनं मुंबईत यायचे, आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथूनच आले. पुढे साठच्या दशकात न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. धंदा मात्र थांबला नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात झाली, म्हणून नाव पडलं मटका.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे तक्ता. पानटपरीवर, सलूनमध्ये, गिरणीच्या दारात जुन्या आकड्यांचे तक्ते घेऊन बसणारी माणसं असायची. मागच्या सोमवारी काय आलं, कोणती जोडी किती दिवस आली नाही, याचा अभ्यास चालायचा. आकडा कापसाच्या भावातून येत होता तेव्हाही तक्ता वाचला जायचा, आणि मडक्यातून यायला लागला तेव्हाही त्याच पद्धतीनं वाचला गेला. आकडा कुठून येतो हेच बदललं होतं, आणि तक्ता वाचणाऱ्याच्या लेखी त्यानं काहीही फरक पडला नव्हता.

आमचा मुख्य मुद्दा एवढाच आहे. आकडे कुठून येतात हे न विचारता नुसती आकड्यांची रांग वाचणं, ही पद्धत मुळात अपुरी आहे. क्रिप्टो म्हणजे मटका, असं आम्ही म्हणत नाही. मडक्यातल्या आजच्या चिठ्ठीला कालची चिठ्ठी माहीत नसते. बाजारात मात्र कालचा भाव पाहून आज माणसं वागतात, म्हणून भावांच्या इतिहासात काहीतरी माहिती असते. ती कोणती, हे पुढे पाहू. आधी हा इतिहास स्वतः किती खरा आहे ते बघूया.

हा इतिहास लिहिला कुणी?

चार्टवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे काय? त्या क्षणी कुणीतरी विकलं आणि कुणीतरी घेतलं, तो शेवटचा सौदा. सौदा किती मोठा होता, दोन्ही बाजूंना वेगवेगळी माणसं होती की एकच माणूस दोन खात्यांतून स्वतःशीच खेळत होता, हे ठिपक्यावरून कळत नाही.

उदाहरण बिटकॉइनचंच घेऊ. २०१३ च्या शेवटी दोनेक महिन्यांत त्याचा भाव साधारण १५० डॉलरवरून १,००० डॉलरच्या वर गेला. तेव्हा जगातला मोठा व्यवहार माउंट गॉक्स या टोकियोतल्या एक्स्चेंजवर होत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते एक्स्चेंज बुडालं. साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ असल्याचं सांगण्यात आलं, त्यातले दोन लाख नंतर सापडले. पुढे त्याच्या व्यवहारांच्या नोंदी बाहेर आल्या. नील गँडल आणि सहकाऱ्यांनी त्या तपासल्या आणि २०१८ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की ती चढण बहुधा संशयास्पद खात्यांतल्या खरेदीमुळे झाली होती.

आता कुठलाही लांब पल्ल्याचा बिटकॉइनचा चार्ट उघडा. २०१३ चा तो सुळका तिथं तसाच आहे. त्याच्या शेजारी काही तळटीप नाही. 'प्रत्येक चक्रात बिटकॉइन इतकं वाढतं' असं सांगणारा माणूस तोही सुळका जमेत धरूनच सरासरी काढतो.

भावाबरोबर चार्टखाली उलाढालीचे उभे खांब असतात. 'व्हॉल्यूम चांगला आहे, म्हणजे मागणी खरी आहे' असं आपण म्हणतो. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या अमेरिकन कंपनीनं तिथल्या रोखे नियामकाला एक सादरीकरण दिलं. त्यात म्हटलं होतं, की एक्स्चेंजनी जाहीर केलेल्या बिटकॉइनच्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के खोटी आहे. त्या कंपनीला बिटकॉइनचा फंड काढायचा होता, म्हणजे ती काही विरोधक नव्हती. आणि ही बिटकॉइनची गोष्ट. रोज नव्यानं निघणाऱ्या छोट्या कॉइनचं काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरी अडचण आहे ती उरलेल्यांची. आपण चार्ट पाहतो तो आज जिवंत असलेल्या कॉइनचा. बिटकनेक्ट आठवतंय का? २०१७ च्या डिसेंबरात ते ४०० डॉलरच्या वर होतं, जगातल्या मोठ्या कॉइनच्या यादीत होतं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी कर्जयोजना बंद केली आणि भाव काही दिवसांत जवळपास सगळा गेला. आज यादीत वरची दहा नावं घेऊन 'पाच वर्षं थांबलेल्याला किती मिळालं' असा हिशेब कुणी दाखवला, तर त्यात बिटकनेक्ट येत नाही. गावातल्या नव्वद वर्षांच्या आजोबांना विचारून तंबाखू निरुपद्रवी ठरवावी, तसा हा हिशेब आहे. ज्यांना विचारायला हवं होतं ते उत्तर द्यायला उरलेलेच नाहीत.

आणि लूना? त्याचा इतिहास तर चक्क नवीन पानावर सुरू झाला. मे २०२२ च्या शेवटी नवी साखळी काढली, नव्या कॉइनला लूना हेच नाव दिलं आणि जुन्याला 'लूना क्लासिक' म्हणायला लागले. म्हणजे आज नुसतं 'लूना' शोधणाऱ्याच्या समोर येणारा चार्ट कोसळल्यानंतरच्या दिवसांपासून सुरू होतो. ज्याला इतिहास पाहून निर्णय घ्यायचाय, त्याला इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान दिसतच नाही.

सगळ्यात चांगला युक्तिवाद

समीक्षा करायची तर समोरच्याच्या सगळ्यात कच्च्या नव्हे, सगळ्यात पक्क्या मांडणीची करावी. चार्टवर त्रिकोण काढणाऱ्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. जुन्या भावांवरून पुढचे भाव सांगणारी क्रिप्टोतली सगळ्यात गाजलेली मांडणी 'स्टॉक-टू-फ्लो' ही आहे. 'प्लॅनबी' या टोपणनावाच्या लेखकानं ती मार्च २०१९ मध्ये मांडली.

तिची कल्पना सुबक आहे. एखाद्या वस्तूचा जगात आहे तेवढा साठा घ्या, त्याला वर्षात नव्यानं येणाऱ्या मालानं भागा. भागाकार जितका मोठा तितकी वस्तू दुर्मीळ. सोन्याचा भागाकार साठच्या घरात येतो. बिटकॉइन जास्तीत जास्त २ कोटी १० लाख निघणार, आणि साधारण चार वर्षांनी नव्या पुरवठ्याचा दर निम्मा होतो. तो २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ साली झाला. मे २०२० नंतर बिटकॉइनचा भागाकार सोन्याच्या जवळ पोचला. जुने भाव आणि हा भागाकार यांचं नातं लेखकानं तपासलं, तर भावातला सुमारे ९५ टक्के चढउतार त्यातून समजावता येतो असं दिसलं. ज्याला थोडंफार संख्याशास्त्र येतं त्याला हा आकडा भुरळ घालणारच. आम्हालाही घातली.

यात दोष कुठे आहे? बिटकॉइनचा पुरवठा कधी किती होणार हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. त्यामुळे हा भागाकार म्हणजे जवळपास घड्याळच झालं. वेळ जाईल तसा तो वाढणार. भावही त्या दहा वर्षांत वाढला. वाढत जाणाऱ्या दोन रेघा शेजारी ठेवल्या तर त्या जुळतातच. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्येच हे दाखवलं होतं. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्यूदर, दोन्ही काही दशकं सोबतीनं घटत होते आणि त्यांचं संख्याशास्त्रीय नातं फार घट्ट निघत होतं. म्हणून कुणी चर्चमधली लग्नं थांबवून माणसांना अमर करू शकत नाही.

दुसरं असं, की या सूत्रात मागणी कुठेच नाही. बिटकॉइनशेजारी लाइटकॉइन ठेवा. त्याचीही कमाल मर्यादा ठरलेली आहे, ८ कोटी ४० लाख. त्याचाही पुरवठा दर चार वर्षांनी निम्मा होतो. २०१५, २०१९ आणि २०२३ मध्ये झाला. दुर्मीळपणा भाव ठरवत असेल तर लाइटकॉइनही त्याच वाटेनं जायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइननं १ लाख डॉलर ओलांडले. त्या महिन्यात लाइटकॉइन आपल्याच २०२१ च्या उच्चांकाच्या निम्म्यापर्यंतही पोचलेलं नव्हतं. नियम एकाच जातीचा, निकाल मात्र अगदी वेगळे.

आणि प्रत्यक्षात काय झालं तेही ऐका. याच लेखकानं २०२१ च्या मध्यावर, वेगळ्या पद्धतीनं, पुढच्या महिन्यांसाठी किमान भाव सांगितले. ऑगस्टला ४७,००० डॉलर, सप्टेंबरला ४३,०००, ऑक्टोबरला ६३,०००, नोव्हेंबरला ९८,०००, डिसेंबरला १ लाख ३५ हजार. ऑगस्ट बरोबर आला. सप्टेंबर बरोबर आला. ऑक्टोबर थोडक्यात चुकला, लोकांनी तो बरोबर धरला. तीन महिन्यांत त्यांच्या शब्दाला केवढं वजन आलं असेल! नोव्हेंबर संपला साधारण ५७,००० वर आणि डिसेंबर ४६,००० च्या आसपास.

लेखकाची लबाडी होती असं आम्हाला म्हणायचं नाही. अंदाज उघडपणे, तारखेसह मांडणं हे प्रामाणिकपणाचंच आहे. आमचा आक्षेप आहे तो वाचणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या वागण्यावर. तीनदा आकडा लागला की चौथ्यांदा आपण मोठी रक्कम लावतो.

'चार वर्षांचं चक्र' या समजुतीलाही हेच लागू आहे. चार वर्षांची चक्रं आजवर झाली किती? बोटांवर मोजण्याइतकी. चार पावसाळे पाहून पुढच्या पंचवीस वर्षांचं पाऊसमान सांगणाऱ्यावर आपला शेतकरी विश्वास ठेवेल का?

चार्टच्या बाहेर असलेला नियम

आता परत ११ मे कडे येऊ. लूनाचा चार्ट २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरच्याही खाली होता, तो सव्वा वर्षात ११९ वर गेला. इतिहास पाहून घ्यायचं तर एप्रिल २०२२ मध्ये त्याच्याइतका देखणा इतिहास क्वचित कुणाचा असेल.

पण लूनाचा भाव एका नियमाला बांधलेला होता. त्याच्या जोडीला यूएसटी नावाचं दुसरं कॉइन होतं, त्याची किंमत कायम एक डॉलर राहील असं सांगितलं होतं. एक यूएसटी परत दिलं, की एक डॉलर किमतीचं लूना नव्यानं छापून मिळायचं. यूएसटी ठेवणाऱ्याला अँकर नावाच्या योजनेत वर्षाला १९-२० टक्के व्याज मिळत होतं, म्हणून यूएसटीला मागणी होती. मे महिन्यात लोक यूएसटी सोडून पळायला लागले. प्रत्येक यूएसटीमागे एक डॉलरचं लूना छापायचं. लूना १०० डॉलरला असताना शंभर यूएसटीमागे एक नग छापावा लागतो. लूना ५ डॉलरला आलं की वीस नग. १ डॉलरला आलं की शंभर. छापलं की भाव पडतो, भाव पडला की आणखी छापावं लागतं. जवळपास ३५ कोटी लूना होते, ते काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेले.

'आता आणखी किती पडणार?' या आमच्या प्रश्नाचं उत्तर उपलब्ध होतं. ते कुठल्याही चार्टवर नव्हतं, लूना कसं छापलं जातं या नियमात होतं, आणि तो नियम जाहीर होता. आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता. ज्या कंपनीनं हे कॉइन काढलं तिचे संस्थापक डो क्वॉन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्यांचा गुन्हा त्यांच्याकडे. पण नियम न वाचता मित्राला 'हीच वेळ' म्हणणं, हा आमचा हलगर्जीपणा होता.

शेकडा हिशेबाचीही एक फसगत इथं आहे. ११९ वरून ५ वर आलेली वस्तू 'शहाण्णव टक्के पडली' म्हणून स्वस्त वाटते. पण ५ ला घेणाऱ्याचे पैसे शून्यापासून पूर्ण शंभर टक्के दूर असतात, जसे ११९ ला घेणाऱ्याचे होते. आधी किती पडलं याचा त्याच्या पुढच्या तोट्याशी काही संबंध नाही.

मग जुन्या भावांतून काहीच कळत नाही?

कळतं. तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. युकुन लिऊ आणि अलेह त्सिविन्स्की या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रिप्टोत थोड्या मुदतीत वाढणारा भाव आणखी वाढत जाण्याकडे कल दिसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे जुन्या भावांत माहिती नाही असं नाही. पण तो सरासरीतला, काही आठवड्यांचा कल आहे. मुलीच्या फीचे पैसे पाच वर्षं ठेवावेत का, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

जुना भाव दुसरी एक गोष्ट फार चांगली सांगतो: काय सोसावं लागेल. २०१३ च्या शेवटच्या उच्चांकावरून बिटकॉइन २०१५ च्या सुरुवातीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक पडलं. डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरच्या जवळ होतं, वर्षभरात ३,२०० वर आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,०००, आणि वर्षभरात १६,००० च्या खाली. जुना उच्चांक पुन्हा गाठायला पहिल्या दोन वेळा तीन-तीन वर्षांच्या आसपास लागली, तिसऱ्यांदा सव्वादोनहून थोडी अधिक. आणि हा सगळ्यात टिकलेल्या कॉइनचा हिशेब आहे. ८० टक्के पडलेले पैसे मूळ जागी यायला पाचपट व्हावे लागतात, हेही सोबत धरा.

म्हणून चार्ट उघडला की आधी त्यातली सगळ्यात वाईट घसरण शोधा आणि तिच्यात स्वतःची रक्कम घालून बघा. तीन लाखांचे साठ हजार झाले आणि तीन वर्षं तसेच राहिले, तर घरात काय होईल? ती फी कुठून भरणार? याचं उत्तर देता येत नसेल, तर विषय तिथंच संपतो.

आणखी एक तपासणी आहे. चार्टचा परतावा आणि माणसांचा परतावा एकच नसतो. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या, म्हणजे बीआयएसच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये ९५ देशांतली क्रिप्टो ॲपची आकडेवारी पाहिली. भाव चढला की नवे लोक ॲप उतरवून घेतात, असा तो नमुना होता. त्यांच्या अंदाजानं या वापरकर्त्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक बिटकॉइनमध्ये तोट्यात असावेत. भाव वाढत असताना लहान खातेदार घेत होते आणि सगळ्यात मोठे विकत होते. इतकी वर्षं एकूण वर गेलेल्या वस्तूत बहुतेक लोक तोट्यात कसे? कारण ते चार्ट देखणा झाल्यावर आले. म्हणजे इतिहास पाहून घेण्याची पद्धत त्यांना महाग वेळीच आत आणत होती.

आपल्या इथला हिशेब तर आणखी वेगळा आहे. चार्ट बहुधा डॉलरमध्ये, मागचे तळ दाखवणारा. पण एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केली. म्हणजे डिसेंबर २०१८ चा तो ३,२०० चा तळ आपल्यापैकी बहुतेकांना बँकेमार्फत सरळ घेताच आला नसता. 'तेव्हा घेतलं असतं तर' या वाक्याला इथं फारसा अर्थ नाही.

शिवाय १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एकात लाख मिळाले, दुसऱ्यात लाख गेले, तर हातात शून्य आणि कर ३१,२०० रुपये. चार-पाच कॉइन घेऊन 'एखादं तरी चालेल' म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. चार्ट ते करून देत नाही.

शेवटी

'घ्यावं का?' विचारणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं आहे. चार्टचा फोटो बाजूला ठेवा आणि चार गोष्टी लिहून काढा. हे कॉइन नव्यानं कधी, किती आणि कुणाच्या हुकमानं निघतं? उदाहरणार्थ, थट्टा म्हणून निघालेल्या डोजकॉइनमध्ये दर वर्षी ५०० कोटी नग नव्यानं येतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. मग, आत्ता ते कुणाकडे किती आहे? पुढे जाऊन ते माझ्याकडून कोण घेणार, आणि कशासाठी. भाव वाढेल या आशेखेरीज काही कारण आहे का? आणि मला बाहेर पडायचं असेल त्या दिवशी दार उघडं असेल का? या चारांपैकी एकाचंही उत्तर जुन्या भावांत नाही. ती मिळाली नाहीत, तर तुमच्या हातात फक्त तक्ता आहे. मडकं तुम्ही पाहिलेलंच नाही.

चारही उत्तरं मिळून समाधान झालं, तर मग चार्ट काढा, तो सोसण्याचा हिशेब करायला. आणि जाऊन परत न आलं तरी घर चालेल एवढीच रक्कम घाला.

आमच्या मित्रांनी ती फी शेवटी पतपेढीतून कर्ज काढून भरली. हप्ते दोन वर्षं चालले. मंडळात त्यांनी कुणाला बोल लावला नाही, उलट आम्हालाच ते जड गेलं. त्यानंतर मंडळात एक नियम झालाय. कुणी चार्ट टाकून 'घ्यावं का' विचारलं, तर बाकीच्यांनी आधी 'हे निघतं कसं?' हे विचारायचं. उत्तर येईपर्यंत मत द्यायचं नाही. गेल्या काही वर्षांत बहुतेक वेळा त्या प्रश्नाला उत्तरच आलेलं नाही, आणि गोष्ट तिथंच थांबलीय.

तुमच्याही घरात, ग्रुपवर कुणीतरी असा चार्ट टाकतच असेल. त्यांना हा एक प्रश्न विचारा. त्या बुधवारी आम्ही विचारला नव्हता.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.